थेरगावचं स्थळ

पुणे,
सोमवार, दि. २१ जानेवारी १९५७

तीर्थस्वरूप मुरारीदादा यांस,

शालनचा नमस्कार. मी खुशाल आहे. आईनं संक्रांतीला पाठवलेला तिळगूळ पोचला; खोलीतल्या मुलींनी तो एका दिवसात फस्त केला. आईच्या गुडघ्यांना निरगुडीच्या पाल्यानं शेकत जा, थंडीत तेवढाच उतार.

बी.टी.चं वर्ष अर्ध्यावर आलं. दिवाळीच्या आधीपासून पाठ घेण्याचे दिवस चालू आहेत. आठवड्यातून तीनदा सकाळच्या गाडीनं चिंचवडला जायचं आणि तिथल्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवायचं. मागच्या बाकावर आमचे परीक्षक वही घेऊन बसतात. वर्गाकडे पाठ करायची नाही, इंग्रजीच्या तासाला तोंडातून मराठी शब्द काढायचा नाही, असे त्यांचे नियम. आठवीत येऊन पहिल्यांदा ए, बी, सी गिरवणाऱ्या मुलांपुढे मराठी बोलायचं नाही म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगण्यासारखं. तरी मी तक्ते करते, हातवारे करते, आणि मुलं शिकतात. मला हे काम जमतं, दादा. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, शिकून हिचं डोकं फिरलं.

शुक्रवारचा पाठ भविष्यकाळाचा होता. उद्या मी काय करणार, ते प्रत्येकानं इंग्रजीत सांगायचं. कुणी देहूला जाणार होतं, कुणी मामाकडे. मग भागू उठली. भागू म्हणजे थेरगावच्या गेनबांची मुलगी. रोज नदी ओलांडून येते. वर्गात चाळीस मुलं, त्यात मुली चार, आणि सगळ्यांत पुढे ही. चौदावं नुकतंच लागलंय.

तिनं मराठीतच विचारलं, "बाई, मी उद्यापासनं शाळेत येणार न्हाई, हे कसं म्हणायचं?"

वर्ग हसला. मला वाटलं, आजोळी निघाली असेल. मी वाक्य सांगितलं. तिनं ते न अडखळता म्हटलं, "आय शॅल नॉट कम टु स्कूल फ्रॉम टुमॉरो." आणि मी तिला शाबासकी दिली, दादा! शाबासकी! परीक्षकांनी वहीत शेरा मारला, 'मराठीचा वापर टाळावा.'

मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठलं. का येणार नाहीस म्हणून विचारलं.

"माझं ठरलंय, बाई. फाल्गुनात हाय."

"कुठलं स्थळ?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुमाला ठाव न्हाई व्हय? तुमच्याच निघोज्याचं. तुमचे दादाच की."

खडू कसा धरावा, प्रश्न कसा विचारावा, हे सगळं आम्हाला कॉलेजात शिकवतात. अशा वेळी मुलीच्या तोंडाकडे कसं बघावं, ते कुणी शिकवलं नाही. मी वळून निघून आले.

दादा, तुम्ही चौतिसाचे. वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली, आईच्यानं चुलीपुढे बसवत नाही, कारखान्यातून शिफ्ट करून येऊन तुम्ही स्वतः भाकरी थापता, हे मी पाहिलंय. लग्न करू नका असं कोण म्हणतं? पण चौदाव्यातली पोर? कायदासुद्धा पंधरा म्हणतो, आणि आपल्या गावात पेपर वाचणारे तुम्हीच. मला सायकलवर पुढे बसवून चाकणच्या शाळेत सोडायचात तेव्हा दत्तोबा चारचौघांत म्हणाले होते, "मुरारी, भयणीला काय बॅलिस्टर करतूस?" तुम्ही म्हणालात, "करीन. तुमच्या बापाचं काय जातं?" तो माणूस कुठं गेला? की शाळा फक्त स्वतःच्या बहिणीपुरती, आणि दुसऱ्याच्या मुलीनं तुमच्या भाकरी भाजायच्या?

आता लिहायला जड जातंय ते लिहिते. हे स्थळ तुम्हाला मध्यस्थानं दाखवलं नाही. दिवाळीत मी घरी आले होते तेव्हा मीच जेवताना बोलले होते, 'थेरगावची एक पोर आहे, आपल्यातलीच, इतकी चुणचुणीत, अशी पोर आपल्या घरात हवी.' माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. तुम्ही खाली मान घालून जेवत होतात. मला काय ठाऊक तुम्ही काय ऐकलंत! वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी मी माझ्या हातानं तुम्हाला दाखवली. तुमच्यावर जेवढा राग आहे, त्याहून जास्त माझा मला आहे.

काल रविवारी थेरगावला गेले. गेनबांनी घोंगडी अंथरली, चहा करायला सांगितला. नवऱ्या मुलाची बहीण आली म्हणून केवढा आनंद! मी म्हटलं, तिला मॅट्रिक होऊ द्या. ते हसले. "अवो बाई, तुमच्याच घरात येतीया. शिकवा की चुलीपाशी बसून." भागू आत होती. बाहेर आली नाही.

निघाले तशी तिची आई रतनबाई गोठ्यापर्यंत मागे आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "आमाला न्हाई म्हनता यायचं न्हाई, बाई. सुपारी फुटलीया. पोरीकडच्यांनी मोडलं तर पोरीला नाव पडतं. मोडायचं तर तुमच्याकडनंच मोडलं पायजे."

मी पुन्हा आत गेले. गेनबांना सांगितलं, आमच्या दादांनी विचार बदलला आहे. त्यांना एवढी लहान मुलगी करायची नाही, मुलीत काही खोट नाही, दोष आमच्याकडे. हे सांगायला त्यांनीच मला पाठवलं आहे.

होय, दादा. तुमच्या नावानं मी नकार देऊन आले. तुम्हाला न विचारता. गेनबांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि घोंगडी गुंडाळायला घेतली. मी बाहेर पडले. पण खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आज भागू वर्गात होती. डोळे सुजले होते. पण बसली होती.

थेरगावला जाऊन 'शालन खोटं बोलली' एवढं सांगितलंत की सगळं पहिल्यासारखं होईल. तुमच्या शब्दापुढे माझा शब्द तिथं टिकायचा नाही. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं चाकणला उतरते, तिथून चालत येईन. आईला सगळं मी स्वतः सांगेन. काय बोलायचं ते बोला, हात उगारायचा तर उगारा, घरात घ्यायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा. मात्र तोवर थेरगावची वाट धरू नका.

तुमच्या मर्जीविरुद्ध वागलेली, आणि वेळ आली तर पुन्हा तशीच वागेल अशी,
तुमचीच बहीण
शालन