काका जरा खडूस हवेत

२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

स्वप्नांच्या कारखान्यातली माझी उमेदवारी बरी चालली आहे. आतापर्यंत माझ्याकडे फक्त बस चुकण्याची आणि भलत्याच विषयाचा पेपर हातात पडण्याची स्वप्नं होती. ती आता डोळे मिटून जमतात. शेवटची परीक्षा मात्र अवघड आहे: गेलेल्या माणसाचं स्वप्न. बघणाऱ्याने आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना ‘हाच तो’ म्हणून सांगितलं तर मी कारागीर, नाहीतर गाशा गुंडाळून घरी आणि बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात जन्मभर कागद सरळ करणं.

मी आपल्या काकांना निवडलंय. गुरुवारी जेवण झालं की आडवी हो, एवढी कृपा कर.

लोभ आहेच, परीक्षेपुरता थोडा वाढवावा.
तुझी भाची

६ जून

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

आडवी झाले. हे आले. चेहरा तंतोतंत, मिशीसुद्धा. पण आल्या आल्या माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि स्वतःचा कप स्वतः विसळला! असं गोड ते फक्त शेवटच्या दुखण्यात बोलायचे. नर्सशी, वॉर्डबॉयशी, माझ्याशीसुद्धा. ते दिवस मला पुन्हा नकोत गं.

तुझ्या बाईंनी विचारलं, तेव्हा खोटं बोलायला जीभ रेटेना. ओळखलं नाही म्हणाले. रागावू नकोस. वेळेवर जेव.

तुझी मावशी

९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाईंनी चांगलंच झापलं. म्हणाल्या, गेलेल्या माणसाला साखर लावायची नसते, मुंग्या येतात. काय करू, मला खिशात गोळ्या घेऊन येणारे काकाच ठाऊक! आता एकच संधी उरली आहे. त्यांच्या खोड्या कळव. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही कळतं. पण इथे माझ्या पोटावर पाय येतोय.

कृपा असावी.
तुझी भाची

१२ जून

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस ना, मग ऐक. पंख्यावरून आमचं रोज वाजायचं. मी मुद्द्यावर आले की हे पेपर उघडायचे. चूक स्वतःची असली की मोठ्या मनाने मलाच माफ करायचे. माझ्या भावांची नक्कल करायचे, आणि हुबेहूब करायचे, हे जास्त वाईट! सहा वर्षं सगळ्यांसमोर त्यांना देवमाणूस म्हणत आले, आज कुठे मोकळं वाटलं. रविवारी झोपते.

तुझी मावशी

१६ जून

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

आले, आणि दारातूनच पंख्यावर घसरले. मी माघार घेतली नाही. त्यांनी माझं माहेर काढलं, मी त्यांच्या बहिणी काढल्या. मी ऐन मुद्द्यावर आले आणि या माणसाने पेपर उघडला! संतापानेच जाग आली. ‘हाच तो’ म्हणून बाईंना तेव्हाच कळवलं. पास झालीस गं पोरी.

मग तशीच तरातरा शेजारणीकडे गेले आणि हा माणूस काही सुधारायचा नाही म्हणून तणतणायला लागले. ‘कोणता माणूस?’ असं तिने विचारलं, तेव्हा कुठे मला आठवलं, की हे गेलेत. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी ते विसरले होते.

सुखी राहा.
तुझी मावशी