नखावर थांबलेला थेंब

कोल्हापूर, जानेवारी २००१

सौ. विहीणबाई रत्नव्वा यांना, मुक्काम जयसिंगपूर, गंगव्वाचा शरणु शरणार्थी.

इकडं सगळी खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, पण मी ते लिहायला सांगणार न्हाय. तुमचा गुडघा कसा आहे? माझा आहे तसाच आहे आणि तो अजून कुणी बघितलेला नाही, त्याचीच ही हकीगत. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगतेय आणि तुमचा जावई लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर मला बोलावं लागलं असतं. इथं त्याला स्वतःच्या हातानं लिहावं लागतंय. (लिही, मल्लेश. हे पण लिही.)

तर सोमवारी मी गुडघा दाखवायला नव्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. रिक्षातून उतरायला आधार लागतो म्हणून तुमच्या दानेश्वरीला सोबत नेलं. बाईंनी माझा गुडघा राहू दिला आणि केसपेपर धरलेल्या तुमच्या लेकीच्या हाताकडं टक लावून बघत बसल्या. मला असा राग आला! फी माझ्या गुडघ्याची आणि बघायची सुनेची नखं! मग त्यांनी तिच्या नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब ओघळला नाही, विहीणबाई. पळीत तीर्थ राहावं तसा नखातच राहिला. नख मधे खोल गेलेलं, कडा वर आलेल्या, रंग पांढराफटक. बाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी झालं की नखं अशी चमच्यागत होतात. लगेच तपासलं. बारा पाहिजे ते साडेसहा निघालं.

घरी येऊन मी जेवणाआधी सगळ्यांना हात पुढं करायला लावले. माझ्या नखावरनं पाणी ओघळलं. तुमच्या जावयाच्या नखावर तर थेंबाला बूड टेकायला जागा मिळेना, इतकी तुपानं फुगलेली. तुमच्या लेकीचा थेंब तेवढा बसून राहिला. आणि हा म्हणतो काय, भांड्याच्या पावडरनं नखं वाकली असतील! (लिहिलंस? पावडरच म्हणालास की.) अहो, हा मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या. ढेपेला नख लावून कण जिभेवर ठेवतो आणि गूळ कुठल्या गुऱ्हाळातला ते सांगतो. रोज ज्या हातानं ताट पुढं येतं, त्या हाताची नखं मात्र ह्याला दिसली नाहीत. जिन्यात दम लागतो म्हणाली, तर म्हणे वजन वाढलंय. चक्कर आली, तर म्हणे उपासाची. बायको सगळ्यांच्या मागनं चटणी-भाकरी खाते आणि घरात गूळ इतका की मुंग्यासुद्धा कंटाळल्यात. पाळीत तिचं दहा-दहा दिवस अंगावरनं जातं हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. (इथं लेखकानं पेन थांबवलं. लाज वाटते म्हणे. दोन पोरांचा बाप होताना वाटली नाही.)

बाईंनी गोळ्या दिल्या. रक्त कुठं जातंय ते शोधा, सोनोग्राफी करा, थांबू नका म्हणाल्या. ह्याचं म्हणणं, गुळाचा सीझन आहे, पाडव्यानंतर बघू. जणू तिच्या अंगातलं रक्त पाडव्यापर्यंत ह्याची वाट बघत बसणार हाय!

असो. लहानांना आशीर्वाद. जावयाला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

गंगव्वा

ता. क. खरं काम हे. शिवाप्पाला मुराळी म्हणून बहिणीला न्यायला धाडा. ती आपणहून निघणार नाही, माझ्या गुडघ्याचं निमित्त सांगेल. म्हणून तुमचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट झालाय असं त्याला सांगू दे. मिरजेला नेऊन तपासा, चांगली बरी होईतोवर ठेवून घ्या आणि पहिलं ताट तिला वाढा. इथलं ताट हा आपलं आपण वाढून घेईल.

दुसरा ता. क. पत्र पोचलं की दुकानात फोन करून मला बोलवा आणि अख्खं वाचून दाखवा. माझं एक जरी वाक्य गळलं असलं तरी ह्याला पुन्हा पहिल्यापासनं लिहायला बसवीन.

ता. क. मामी, मुराळी नको. ह्याच आठवड्यात एक दिवस दुकान बंद ठेवून मीच तिला घेऊन येतो. — मल्लेश

शेवटचा ता. क. ह्यानं आत्ता मला न विचारता खाली काहीतरी लिहिलंय आणि वाचून दाखवत नाही. गोड असलं तर भुलू नका, धंदाच त्याचा तो. शिवाप्पाला धाडाच.