गांडुळांची भोके न बुजवता माती तपासण्याबाबत

प्रति,
मुख्य परीक्षण अधिकारी,
माती व भूजल परीक्षण कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : कापड कारखान्याच्या गाळातील चांदीचे नॅनो कण जमिनीतून विहिरीपर्यंत पोहोचतात का, हे अखंड कापून आणलेल्या मातीवर पुन्हा तपासण्याबाबत.

संदर्भ : १) आपला अंतिम अहवाल. २) माझे आधीचे तीन अर्ज. ३) त्या तिन्हींना आलेले एकच उत्तर.

महोदय,

मी आपल्याच प्रयोगशाळेत बावीस वर्षे मातीची नळकांडी भरली. साहेब बदलत गेले, भरणारा मीच होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढील तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो इसमही मीच आहे.

१. काम असे : शेतातून आलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि काचेच्या नळकांड्यात दोन-दोन बोटांचे थर घालून लाकडी दट्ट्याने ठोकून बसवायची. मग वरून कण मिसळलेले पाणी सोडायचे व खाली किती कण उतरले ते संशोधक बाईंनी मोजायचे. पाणी कडेने निसटले तर प्रयोग वाया, म्हणून मी असा ठोकत असे की मुंगीलाही शिरता येऊ नये. बाई पाहुण्यांना माझी नळकांडी दाखवायला आणत. मी फुशारून जात असे, हे लपवत नाही.

२. सदर कारखाना कपड्यांना घामाचा वास लागू नये म्हणून चांदीचे कण वापरतो. तेथील सांडपाण्याचा गाळ माझ्या थोरल्या बहिणीच्या विहिरीलगतच्या शेतात खत म्हणून पसरला गेला. लोक ओरडले, विहिरीला कुलूप लागले, आपण माती तपासली. निवृत्तीपूर्वी मी भरलेली शेवटची नळकांडी तीच. कण वरच्या चार बोटांतच मातीला चिकटून बसले, खाली जवळजवळ काही आले नाही. अहवालात ‘माती कण अडवते’ असे लिहिले गेले आणि कुलूप निघाले.

३. आता मी ताईकडेच राहतो. गेल्या महिन्यात कुंपणाच्या खांबासाठी त्या शेताच्या कडेला खड्डा खणताना मातीत पेन्सिलीएवढे उभे भोक दिसले. गांडुळाचे. मग दुसरे, मग दहावे. दुसऱ्या दिवशी कपड्यांची नीळ पाण्यात कालवून शेजारच्या न खणलेल्या जागेवर ओतली आणि जमीन उभी कापून पाहिली. थोडी नीळ वर मुरली होती, बाकीची भोकांतून सरळ हातभर खाली गेली होती. नीळ म्हणजे चांदीचे कण नव्हेत, एवढे मला कळते. पण वाट तर आहे! ती वाट मी कुटून, चाळून, ठोकून बुजवली आणि मगच माती आपल्या हाती दिली. चाळताना गांडुळे निघत ती मी कुंडीत सोडत असे. ती राहत कुठे, हा विचार बावीस वर्षांत एकदाही मनात आला नाही.

४. म्हणून अखंड मातीचा ठोकळा कापून, पत्र्याच्या डब्यात घालून, बसमध्ये मांडीवर घेऊन मी आपल्या कार्यालयात आणला. खिडकीवरील लिपिकाने नियम दाखवला : माती चाळूनच स्वीकारली जाईल. मी हातापाया पडलो. त्याने माझ्यादेखत ठोकळा फोडला, चाळला आणि रीतसर पावती दिली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्याने चाळणी माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, काका, तुमचा हात चांगला आहे. आणि महोदय, मी चाळली. हाताला सवय होती.

५. मग विहिरीचे पाणीच तपासा, अशी विनंती केली. हे कण मोजण्याचे यंत्र दुसरीकडे कुठे नाही. उत्तर आले की, माती कण अडवते हे सिद्ध झाल्याने पाणी तपासण्याचे प्रयोजन उरत नाही. कपाळाला हात लावून घरी आलो.

६. हे कण पोटात गेल्याने काय होते ते मला ठाऊक नाही. बाईंना विचारले, त्यांनाही खात्रीने सांगता आले नाही. कदाचित काहीच होत नसेल. कदाचित विहिरीत एकही कण नसेल. पण ताई रोज ते पाणी पिते. मी तिला भोके दाखवली, नीळ दाखवली, भांडलोही. ती म्हणते, नळकांडं तूच भरलं होतंस ना? मग मला कसली भीती! अहवालावर तिचा काडीचा विश्वास नाही. तो माझ्यावर आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

तरी एक ठोकळा, फक्त एक, न फोडता तपासावा. तेही जमत नसल्यास ‘नळकांडी भरणाऱ्याचे काम चुकीचे होते’ असे एका ओळीचे पत्र शिक्क्यानिशी ताईला पाठवावे. ती ते मानेल असे वाटत नाही. आपले उत्तरही मला पाठ आहे. पण घरी नुसते बसवत नाही, म्हणून लिहिले.

आपल्याच कार्यालयाचा,
(सही)
नळकांडी भरणारा, निवृत्त
दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत :
१) चाळलेल्या मातीच्या पावत्या, तीन.
२) निळ्या भोकांचा फोटो, एक.
३) विहिरीचे पाणी, एक बाटली. हा नमुना नाही. वाटेत तहान लागेल म्हणून ताईने भरून दिले. मी प्यायलो नाही. घरी गेल्यावर ती विचारेल, म्हणून बाटली रिकामी करून परत मिळावी, ही विनंती.