सही आधी, ठराव मागून

३ ऑगस्ट, रविवार
डोंगा आजही बांधूनच. अकरा दिवस झाले, घरचे तळ्यावर गेले नाई. सकाळी नवरा जाळं खांद्यावर टाकून निघते आन बस थांब्यावरच्या गेमच्या दुकानात जाऊन बसते. मशीनवर फळाईचे चित्र फिरते, बटण दाबलं का पैसे गेले. नाव गेम, आहे जुगार. आज बाहीले धरून बाहेर काढलं तं म्हणते, "आता फळं जुळणारच होते व! मी उठलो का दुसरा बसते तिथी." गावात ह्याच्यासारखं जाळं फेकणारा नाई, आन बसला पेटीपुढं. दुकान बंद झालं तरच हा माणूस पाण्यावर जाईल. बाकी सारं करून पायलं. रडून बी पायलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
आमदार सभामंडपाचा नारळ फोडाले आले. आम्ही बाया धानाच्या रोवण्यातून तशाच, चिखलाच्या पायानं, गाडीपुढं उभ्या. म्हणते, "ताई, तुमचं मत तेच माझं मत. महिला सभेचा ठराव द्या, आठ दिवसांत दुकानाला कुलूप."
मी म्हटलं, "निवडणुकीच्या वक्ती बी आठच दिवस होते साहेब. तुमचा आठवडा केवढा मोठा रायते?"
सारे हासले. तेही हासले. सरपंच नाई हासला. दुकानाचा गाळा ग्रामपंचायतचा, चालवणारा सरपंचाचा साळा.

१० ऑगस्ट, रविवार
महिला सभेले या म्हणून घरोघरी फिरली. शेजारची सिंधू संग होती. तिचा दीर बी तिथंच बसते. एक म्हणे, हात वर केला तं नवरा मारन. सिंधू म्हणे, "तसाही मारतेच ना तो, मंग हात वर करून मार खा." हासता हासता तयार झाली.
संध्याकाळी सरपंच घरी आला. चहा पेला. म्हणे, "मंदाबाई, काहाले तोंड वाईट करता? गावात राहाचं आहे ना." येवढंच. कप ठेवला, गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार
महिला सभा झाली. शाळेची खोली भरली, व्हरांड्यात बी बाया. दुकान बंद करा म्हणून साऱ्याईचे हात वर. एक बी खाली नाई.
ग्रामसेवक म्हणे, सह्या-अंगठे आधी करून घ्या, ठराव मी निवांत लिहितो. आमच्या इथी असंच रायते. आधी सही, लिहिणं मागून. रोवणा थांबून होता, मीच घाई केली. चला व, लवकर करा. शाईचा डबा मीच फिरवला. म्हाताऱ्याईचे अंगठे मीच धरून टेकवले. पयली सही माही. वरचा कागद कोरा होता. पायला मी. काही वाटलं नाई.

१९ ऑगस्ट, मंगळवार
ठरावाची नक्कल घेऊन चामोर्शीले गेली, तहसीलीत. मी चौथी शिकली, ग्रामसेवकाचं अक्षर काही लागे नाई. बाबूनं वाचलं. मंग माह्या तोंडाकडं पायलं. "बाई, ह्याच्यात तर लिहिलंय, करमणूक केंद्रास महिलांची हरकत नाही, सर्वानुमते."
मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं.
खाली माही सही. मोठी, वाकडी, साऱ्यात वर.

२० ऑगस्ट, बुधवार
ग्रामसेवकाले गाठलं. मान खाली. "मले सांगतलं तसं लिहिलं बाई. माही बदली व्हाची आहे." कोणं सांगतलं विचारलं, तं रजिस्टर उचलून आत गेला.
आमदाराच्या हापिसात फोन लावला. त्याईचा माणूस बोलला, लय गोड. "साहेब जनतेच्या मताच्या बाहेर जात नाहीत. तुमच्या गावच्या महिलांचा ठराव आलाय आमच्याकडे." फोन ठेवला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
टेम्पोतून दोन मशीना अजून उतरल्या. आता पाच.
हापशीवर बाया बोलत नाई. मी गेली का बादल्या उचलते. एकीनं विचारलंच, "काय भेटलं व तुले?" जिचा अंगठा मी धरला ते म्हातारी तं थुंकली.
घरचे जेवता जेवता म्हणते, "बरं केलं तू सही केली. रोजचा तुह्या तोंडाचा त्रास मिटला." कुचकं नाई बोलले. खरंच खूश होते. मी ताट सरकवलं, उठली.

२५ ऑगस्ट, सोमवार
नवा कागद घेऊन पुन्हा निघाली. एकीनं बी दार पुरं उघडलं नाई. सिंधू म्हणे, "कागद फेक तो. अंगठा आता कोणी देत नाई. संग उभं राहा म्हणशील तं एखादी येईल." मंग तेच सांगतलं साऱ्याईले. सही नाई, काही नाई. उद्या साडेसातच्या गाडीनं आमदाराच्या दारात जाऊन बसाचं. तोंडानं सांगाचं आमचं मत काय आहे ते. कोणी हो म्हटलं नाई. नाई बी नाई म्हटलं.
दुपारी दोघं अनोळखी गाडीवर आले. मंदाबाईचं घर कोणतं, शेजारी विचारलं, आन न थांबता गेले.

२६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ
सिंधू ओसरीत येऊन बसली. अजून कोणी नाई. सरपंच थांब्यावर खुर्ची टाकून बसला आहे, संग कालचे ते दोघं. कोण येते ते पाहून रायले. दुकानाचं शटर आतापासूनच वर. घरचे चप्पल घालून कवाचेच गेले.
रस्त्यानं बाया येताना दिसते. सात-आठ असन. डोक्यावर पदर, हातात विळे. निंदणाले जाणाऱ्या बी अशाच निघते. पिंपळापासून एक वाट वावराकडं जाते, एक थांब्याकडं.
अजून पिंपळापर्यंत आल्या नाई.