पाठमोरी तोंडी परीक्षा

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी ठमी माझ्या घरी आणि माझ्या वर्गातही छान रुळली आहे. शाळेत तिच्या बाकावर मी दिवसभराच्या तासांची चित्रं ओळीने मांडून ठेवते. तास संपला की ठमी स्वतः ते चित्र पालथं घालते. गलका वाढला की कानांना जाड हेडफोन लावून गणितं करत बसते. उत्तरं अगदी चोख! डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली तेव्हा आपण दोघी किती रडलो होतो गं.

घोडं अडलंय ते तोंडी परीक्षेपाशी. वर्गासमोर उभं राहून धडा सांगता आला नाही, तर तिला वेगळ्या शाळेत पाठवा, असं मोठ्या बाईंनी बजावलंय. तिला सगळं येतं, पण माझ्याकडे बघून बोल म्हटलं की ओठ घट्ट मिटतात. मला तर काही सुचेनासं झालंय.

रागावू नकोस, लोभ ठेव.
तुझी धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव टांगणीला लागलाय. त्यातून तुझी ती सवय! समोरच्याची हनुवटी धरून बोलणारी तू. लहानपणी मीसुद्धा तुला टरकून असायचे. अगं, ठमी घरी भरभरून बोलते, पण आपल्याकडे पाठ फिरवून. मी कपड्यांच्या घड्या घालते आणि ती भिंतीला सगळं सांगते. मला त्याचं काही वेगळं वाटेनासंच झालंय, म्हणून तुला सांगायचं राहिलं.

परीक्षा झाली की मी तिला न्यायला येते. पुरे झाले लेकराचे हाल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाली एकदाची परीक्षा! ठमी फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी मन घट्ट केलं आणि अख्ख्या वर्गाला मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाईंनाही खुर्ची फिरवायची विनंती केली. पुटपुटत का होईना, फिरवली त्यांनी. आणि ठमी सुटली की गं! नदीचा धडा उगमापासून समुद्रापर्यंत, थांबायचं नाव नाही. बाईंनी पाठमोऱ्या बसूनच दोन प्रश्न विचारले, तिने फाडफाड उत्तरं दिली. शेवटी बाईंनाच हसू फुटलं. ठमी याच वर्गात राहणार, ताई! मी मात्र सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

तू न्यायला येणार हे काल तिला सांगितलं. ताटं पुसत होती, ती सगळी पुसून एकावर एक रचली. मग ताटांकडे बघतच तुझ्यासाठी निरोप दिला, की आईने न्यायला येऊ नये, भेटायला यावं.

तेव्हा लवकर ये. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी धाकटी