सात नंबरच्या बोकडाचं नाव

कलाबार, सोमवार

तीर्थरूप न्कोयो वन्सं यांना आरीतचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक, तुमचे भाऊ सोडून. (ते वारले हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून हे पत्र.)

बँकेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दर शुक्रवारी अकराला दुकानाच्या भाड्यातून आपोआप थोडं बिटकॉइन घ्यायचं आणि ते कुणा कंपनीकडे न ठेवता थेट स्वतःच्या कुलपात टाकायचं, असं त्यांनी लावून ठेवलं होतं. किल्ली म्हणजे ओळीने बारा शब्द. "किल्ली ज्याची, पैसा त्याचा," म्हणायचे. शब्द मात्र मलाही सांगितले नाहीत, आणि आमच्या लेकीची, अन्साची, नर्सिंगची फी त्याच कुलपात! माती दिल्यानंतरच्या शुक्रवारी भेटायला आलेल्या बायका फुफू खात होत्या आणि अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन वाजला : 'अभिनंदन एकपेन्योंग! खरेदी तुमच्याच हातात पोचली.' बायका ताटं टाकून पळाल्या. पुढच्या शुक्रवारी पाद्रीबाबांनी फोनवर हात ठेवून प्रार्थना केली, तर तो हाताखालीच वाजला. अंगणातले तुमच्या भावांचे बोकड एकदम उठले आणि ओसरीवरच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

मी बिटकॉइन विकणाऱ्या कंपनीत गेले. "खरेदी बंद करता येईल, आई, पण कुलूप आम्हालाही उघडत नाही," तिथली मुलगी म्हणाली. "करू बंद?" मी म्हटलं, राहू दे. (का, ते विचारू नका.) "त्यांनी कुठे बारा विचित्र शब्द लिहिलेत का?" नाही म्हणून घरी आले, बोकडांना पाण्यावर बोलावलं : चमचा! शिडी! चुलतभाऊ! भूत! आणि हातातलं घमेलं गळून पडलं. बोकडांना अशी नावं कोण ठेवतं? कानात एक ते बारा नंबरचे बिल्ले कशाला? वन्सं, मयताच्या जेवणात आपण किल्लीतले दोन शब्द सूप करून खाल्ले! नशीब, त्यांची नावं मला आठवली.

बाकी क्षेम.
तुमची भावजय,
आरीत

ता.क. अकरा शब्द जुळले, सातवा अडलाय. 'भावाची आठवण' म्हणून तुम्ही ओढत तुमच्या घरी ओरोनला नेलात, तो पांढरा. त्याचं नाव तुमचे भाऊ फक्त त्याच्या कानात सांगायचे. त्याच्यासमोर उभं राहून सुचेल तो एकेक शब्द म्हणून बघा. नाव बरोबर आलं की तो मान वळवतो. तोवर सुरीला हात लावू नका.

ता.क. दुसरा : आधीच कापला असेल तर लाजू नका, पण दिवस खरा कळवा. परवाच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी अंगणातले बोकड मोजले. नऊ हवेत. दहा होते. दहावा पांढरा होता, आणि खुर्चीशी कान नेऊन उभा होता.