आमच्या प्रतिनिधीकडून

॥ श्री ॥
तेर, १४ सप्टेंबर २०२४

चि. शिवांजलीस,
आजी गजराबाईचे अ. आ. वि. वि.

इकडं समदी खुशाल हायेत. महालक्ष्म्या झाल्या. तू आली न्हाईस, म्हणून तुझ्या वाटची पुरणपोळी म्याच खाल्ली. फोन केला असता, पण मला कमी ऐकू येतं. फोन मोठ्यानं लावला की गल्ली ऐकती, आन् ही गोष्ट गल्लीनं ऐकायची न्हाय. म्हणून साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं कामाला लावली.

धाराशिवला तू पेपरात लागलीस त्याला चार महिने झाले. म्या रोज धुळाप्पाच्या हाटेलातून खेळाचं पान आणती. तुझी बातमी मला वळखू येती. खो-खोतली पोरगी कशी हूल देऊन निसटली, ते तूच असं लिवतीस. पण तुझं नाव कुठंच न्हाय. रोज वर छापलेलं असतं, आमच्या प्रतिनिधीकडून. ही प्रतिनिधी बाई कोण हाय? उन्हात मैदानावर तू उभं राहायचं आन् नाव हिनं लावायचं व्हय? तिला खडसाव, न्हाय तर म्या येश्टीनं येती.

तुझा बाप बिभीषण म्हणतो, पेपरात नाव न्हाय तर ही नोकरी कसली. पक्ष पंधरवडा संपला की ईट गावचे आण्णासाहेब त्यांच्या पोरासाठी, दिग्विजयसाठी, तुला बघायला येणार. त्यांना घरात राहणारी सून पाहिजे. घटस्थापनेच्या आत नाव दिसलं तर ठीक, न्हाय तर पोरीनं सामान बांधून घरी यावं, असं त्यो म्हणला. तर तेवढं नावाचं बघ.

जेवत जा. आजीवर लोभ हाय तेवढा राहू दे.
तुझी आजी


धाराशिव, २६ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि सगळे हसले, कारण ती प्रतिनिधी बाई मीच आहे. बातमी आणतो तो बातमीदार. त्यालाच वार्ताहर म्हणतात आणि छापताना आमचा प्रतिनिधी म्हणतात. बातमी कापून नीट करतो तो उपसंपादक. सामन्यात माईकवर बोलतो तो समालोचक, ज्याला तुम्ही वरडणारा म्हणता. आम्ही इथं तिघं बातमीदार, तिघंही प्रतिनिधीच. नाव फक्त मोठ्या लेखाला मिळतं.

आता वाईट सांगते. परवा खो-खोची फायनल झाली. ईटच्या मुली एका गुणानं जिंकल्या आणि घाईत मी गुण उलटे लिहिले. पेपरात त्या हरल्या. काल दिवसभर ईटचे फोन येत होते. संपादक शांतलिंग सर म्हणाले, आमच्या प्रतिनिधीकडून चूक झाली एवढंच छापू. पण मग बोल तिघांवर आला असता. मी म्हणाले, माझं नाव घाला. ते आज छापून आलंय. पहिल्यांदा नाव आलं ते असं. बाबांना तेवढं पान दाखवू नका.

तब्येतीला जपा. माझ्यावरचा राग दोन दिवसांत विसरा.
तुमची शिवांजली


तेर, ३० सप्टेंबर २०२४

चि. शिवांजलीस,
आजीचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण पेपर आधी पोचला. म्या बोट ठेवून वाचलं, शि, वां, ज, ली. लगोलग गल्लीत साखर वाटली. शेजारच्या कमलबाईनं साखर तोंडात टाकली, चष्मा लावला आन् म्हणली, अवं मावशी, ही तर चूक झाल्याची खबर हाय. म्या म्हणलं, असंना, नाव तर हाय. साखर काय परत घेतली न्हाय.

बिभीषणानं पान दोनदा वाचलं. सांजच्याला आण्णासाहेबांचा फोन आला. आमच्या गावच्या पोरी जिंकल्या आन् तुमच्या पोरीनं हरवल्या, त्यात नाव घालून गावभर केलं, असली सून आमी कशी करावी, असं बरंच बोलले. तुझ्या बापानं समदं ऐकून घेतलं. मग म्हणला, "चूक तिची म्हणून नाव छापलंय, म्हंजे चार महिन्यांच्या बातम्या बी तिच्याच. चूक अंगावर घेणारी पोरगी हाय माझी. तुमी विचार करा, आमाला घाई न्हाय." आन् फोन ठिवला.

तू सामान बांधू नको.

आज सकाळी त्यानं तुझं लग्नाचं परिचयपत्र काढलं. त्यात काम म्हणून घरकाम लिवलं हुतं. ते खोडलं आन् पेन धरून मला इचारतो, बातमीदार लिवू, वार्ताहर लिवू का प्रतिनिधी. म्या म्हणलं, जिचं काम हाय तिलाच इचारू. पेन अजून उघडाच हाय. तर कोणता शब्द ते लगेच कळीव.

उन्हात डोक्याला रुमाल बांध. लोभ तुझ्या बापाकडून बी हाय, त्यो लिवत न्हाय इतकंच.
तुझी आजी